तळहातावरचा उनो

आर्डुइनो उनो तळहातावर घ्या. केबल लावू नका, लॅपटॉपही मिटलेलाच असू द्या. आज काही चालवायचं नाही, नुसतं पाहायचं आहे.

लांबट काळी चिप दिसते? दोन्ही बाजूंना चौदा-चौदा पाय. ही ॲटमेगा ३२८पी. तिच्यावर बोट ठेवा. विचार करते ती एवढीच. बाकीचा बोर्ड तिला वीज पुरवतो, केबलशी जोडतो आणि तिचे पाय आपल्या बोटांना सापडतील असे मांडून ठेवतो. प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा, चालू कामाच्या आठवणीसाठी २. रेषेवरून चालणारी गाडी तेवढ्यात आरामात मावते.

आता दुसऱ्या हातात जुना नॅनो घ्या. इथली चिप चौकोनी, नखाएवढी. तीच आहे ती. लहान बोर्ड म्हणजे कमी ताकदीचा, असं मनात आलं असेल तर थोडं थांबा, दोन्हींकडे पुन्हा पाहा. नावावरूनही नातं ठरवू नका. नॅनो ईएसपी३२ अंगानं नॅनोच, पण आतली चिप वेगळ्या घराण्यातली.

मग ईएसपी३२वर उनोसारखाच प्रोग्राम कसा लिहिता येतो? कारण नातं भाषेचंही असतं. इटलीतल्या इव्रेआ गावच्या संस्थेत एर्नान्दो बारागान या विद्यार्थ्यानं २००३मध्ये वायरिंग हे प्रोग्राम लिहिण्याचं व्यासपीठ रचलं. २००५मध्ये तिथेच आर्डुइनो उभं राहिलं, वायरिंगच्याच पायावर. प्रोग्रामचे दोन भाग: ‘सेटअप’ एकदा चालतो, ‘लूप’ पुन्हा पुन्हा. मनातल्या मनात म्हणून पाहा. श्वासासारखी लय आहे त्यात, आणि चिप बदलली तरी ती टिकते. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

भाषा एक असली तरी अंगाची सहनशक्ती एक नसते. उनोच्या पिना पाच व्होल्टच्या, ईएसपी३२च्या ३.३च्या. अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरची ‘एको’ पिन पाच व्होल्ट सोडते. उनोला ते चालतं. ईएसपी३२साठी मध्ये एक आणि दोन किलोओहमच्या रेझिस्टरांचा व्होल्टेज डिव्हायडर घालून ते उतरवून घ्यावं लागतं. नवा बोर्ड हाती आला की मी वेगाच्या आधी हा व्होल्टचा आकडा पाहतो.

आता उनो आणि ईएसपी३२ शेजारी ठेवा. यांना एकमेकांशी बोलायचं आहे. एका संध्याकाळी मी टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) या पिना नीट जोडल्या होत्या, व्होल्टही उतरवले होते, तरी पडद्यावर नुसती अगम्य अक्षरं. दोन तास कोडमध्ये चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हतीच. दोन्ही बोर्ड वेगवेगळ्या बॅटऱ्यांवर होते आणि ग्राउंड जोडलेलं नव्हतं. पाच व्होल्ट म्हणजे कशापासून पाच? व्होल्ट हा दोन जागांमधला फरक; मोजायची सुरुवात दोघांची एकच हवी.

काळी जंपर वायर घ्या. एक टोक उनोच्या ग्राउंडला, दुसरं ईएसपी३२च्या. बाकीच्या वायरी नंतर.