आधी पाठ, मग खिसा

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला एका गावी एक शिंपी राहत होता. बसस्टँडसमोर त्याचं लहानसं दुकान होतं. दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि भिंतीला आरसा. बायको ब्लाउज शिवायची, काजं-बटणं आणि तुरपाई करायची. म्हातारी आई दाराशी बसून असायची. नवरा गेल्यावर तिनं त्याच टेबलावर कापड कापून लेकरं वाढवली होती. आता तिची नजर मंदावली होती, म्हणून कात्री मुलाकडं आली होती.

शिंप्याचं वर्ष गावाच्या वर्षासारखंच चालायचं. जूनमध्ये शाळेचे गणवेश. दसऱ्या-दिवाळीला कापूस घरात यायचा, विकला जायचा आणि लोक नवे कपडे शिवायला यायचे. मग लग्नं. उरलेल्या महिन्यांत उसवलेल्या पँटी आणि फाटलेल्या गोधड्या.

त्याला एक मुलगी होती आणि तिच्या पाठीवरचा एक मुलगा. मुलीच्या शाळेची सहल एकदा खोपोलीला गेली, इमॅजिका पाहायला. परत आल्यावर ती कित्येक दिवस त्याचंच बोलत होती. धाकटा ऐकत बसायचा. पुढं वर्गात सरांनी सांगितलं की अशी मोठी उद्यानं जगात आणखी आहेत. वॉल्ट डिस्नेनं 1955 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाला पहिलं डिस्नेलँड उभं केलं, मग टोकियोला झालं, हाँगकाँगला झालं. सिंगापूरला सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओ आहे. मुलीनं वहीच्या मागच्या पानावर ही नावं लिहून घेतली. त्यांतलं सिंगापूरचं तिनं निवडलं, कारण तिथं डायनासोरच्या जंगलातून वाहणारी नदी होती आणि भाऊ डायनासोरांसाठी जीव टाकायचा.

"बाबा, आपल्याला जाता येईल?" तिनं विचारलं.

शिंपी हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्या जूनपासून गणवेशांच्या शिलाईतला काही भाग तो एका डब्यात टाकू लागला. बायकोनं भिशी धरली. कर्ज काढायचं नाही, एवढं दोघांनी ठरवलं होतं. दोन जून गेले. डबा आणि भिशी मिळून पावणेदोन लाख झाले.

मग शिंपी यवतमाळला गेला आणि एका सहलवाल्याकडून रंगीत पत्रक घेऊन आला. त्यात पाच रात्री आणि तीन देश होते, तेही त्याच्या पैशांत बसणारे. त्याचा चेहरा उजळला होता. रात्री जेवणं झाल्यावर मुलीनं पत्रक मोठ्यानं वाचलं. कोणत्या दिवशी कोणतं देऊळ, कोणता पूल, कोणता बाजार. चौथ्या दिवशी सेंटोसा बेट. पुढं बारीक अक्षरांत लिहिलं होतं : युनिव्हर्सल स्टुडिओच्या गोलासमोर छायाचित्र. आत जाणं ऐच्छिक, तिकीट वेगळं, वेळ तीन तास.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग मुलाला विचारलं, "कापड कमी पडत असन त तू पयले काय कापतं गा?"

"पाठ," शिंपी म्हणाला.

"काहून?"

"पाठ एकसंध लागते, माय. तिच्यात जोड चालत नाही. बाही पट्टी लावून भागते. खिसा त कतरणीतूनही निघते."

"मंग या कागदात पाठ कुठं हाय?"

शिंपी गप्प झाला. त्यानं पत्रक पुन्हा हातात घेतलं. लेकरं ज्याच्यासाठी दोन वर्षं थांबली होती, ते सगळ्यांत बारीक अक्षरांत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद केल्यावर चौघं टेबलाभोवती बसले. शिंप्यानं बेतायचा खाकी कागद पसरला आणि वर लिहिलं : पाठ. त्याखाली एकच ओळ. उद्यानात पूर्ण एक दिवस, चौघांनी, दार उघडल्यापासून दार लागेपर्यंत. त्या ओळीचे पैसे त्यांनी आधी बाजूला काढले. मोठ्यांचं तिकीट 80 सिंगापुरी डॉलरच्या पुढं होतं, 4 ते 12 वर्षांच्या लेकरांचं कमी. एका डॉलरला 60 रुपयांच्या वर मोजावे लागत होते. मुलगी 12 वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिला मोठ्यांचं तिकीट लागलं असतं, म्हणून जायचं ते याच वर्षी, हेही तेव्हाच ठरलं.

मग बाह्या. चौघं पासपोर्ट काढायला नागपूरला गेले. मोठ्यांची फी 1500 रुपये, लेकरांची 1000. व्हिसाची फी माणशी 30 डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत न मिळणारी. म्हणून शिंप्यानं अर्जातली नावं पासपोर्टशी अक्षर अक्षर ताडून पाहिली. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून साडेपाच तासांचं विमान. राहायला सिंगापूरच्या लिटिल इंडियात एक लहान खोली, कारण तिथून मेट्रो जवळ होती आणि तेक्का सेंटरात इडली-डोसा, भात स्वस्तात मिळत होता.

विमानाच्या तिकिटांनी मात्र घोळ घातला. दिवाळीच्या सुट्टीतले दर पाहून बायकोनं वही मिटली. उन्हाळ्यातले तसेच. आणि तेव्हा तर लग्नाचे कपडे टेबलावर पडलेले असायचे.

"पितृपक्षात काय भाव हाय?" म्हातारीनं विचारलं.

पितृपक्षात नवं कापड कोणी घेत नाही, शिवायलाही टाकत नाही. शिंप्याच्या दोन्ही मशिनी तेव्हा उभ्या असतात. मुलीनं शाळेच्या संगणकावर पाहिलं. दर बरेच खाली होते. सिंगापुरातल्या शाळांची सप्टेंबरची सुट्टीही तोवर संपलेली होती, म्हणजे उद्यानातली गर्दी कमी. शेजारच्या बाईनं नाक मुरडलं. या दिवसांत कोणी आनंदाला बाहेर पडतं का, असं ती म्हणाली. म्हातारी तिला म्हणाली, "पंचमीची तिथी हाय त्यायची. पान वाढून झालं का पोरं निघतीन. आजाले लेकरायचं हासणं कवा वंगाळ वाटलं व?"

एका संध्याकाळी शिंप्यानं गळ्यातली टेप काढली आणि दोन्ही लेकरांना भिंतीशी उभं केलं. मुलगी 145 सेंटीमीटर भरली, मुलगा 118. उद्यानातल्या प्रत्येक पाळण्याला उंचीचा नियम होता. डायनासोरच्या नदीला 107 हवे होते, ट्रान्सफॉर्मर्सला 102. पण ममीच्या अंधाऱ्या गाडीला 122 आणि सगळ्यांत मोठ्या रुळावरच्या गाडीला 125. मुलगा टाचा उंच करून उभा राहिला. शिंप्यानं हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या. पोरगा रडला. पण तो घरी रडला, आजीच्या मांडीवर, आणि सकाळपर्यंत विसरला. तिथं दाराशी पोचून कळलं असतं तर सगळा दिवस त्या रडण्यात गेला असता.

शेवटी खिसे उरले. प्रत्येकाला 20 डॉलर, आपापल्या मनाचे. मुलीला दिव्यांची झाडं पाहायची होती. गार्डन्स बाय द बे मधला तो रोषणाईचा खेळ रोज संध्याकाळी होतो आणि त्याला पैसे पडत नाहीत, असं कळलं. पाण्याची चूळ टाकणारा मरलायन सिंहही फुकट. दोरावरचा पाळणा आणि प्राणिसंग्रहालय कागदावरून खोडलं. खोडताना कुणी हळहळलं नाही, कारण वरची ओळ जागेवर होती.

"माय, तूही चाल," शिंपी म्हणाला.

"माये गुडघे तेथं कायले नेतं? मी दुकान पायतो," म्हातारी म्हणाली.  तिचं मन दुकानातच होतं.

पंचमीला पान वाढलं आणि ते निघाले. पिशवीत दशम्या, शेव, शेंगदाण्याची चटणी आणि चौघांचे रेनकोट होते. तिथं वर्षभर केव्हाही पाऊस येतो, हे मुलीनं वाचून ठेवलं होतं. सिंगापूरच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचं आगमनाचं कार्ड तिनंच पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरलं होतं. त्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारं एक पान तिला दिसलं होतं, ते तिनं मिटवून टाकलं होतं.

उद्यानाचा दिवस त्यांनी मंगळवारचा धरला होता. सकाळी मेट्रोनं हार्बरफ्रंटला उतरले. तिथून बेटावर जाणाऱ्या मोनोरेलला माणशी 4 डॉलर पडतात. ते लाकडी पुलावरून चालत गेले, समुद्र बघत, फुकटात. परत येताना मोनोरेलला पैसे पडत नाहीत, म्हणून ती हौस संध्याकाळसाठी ठेवली. दार उघडायच्या आधी ते रांगेत होते. रांग न लावता जायचं महागडं तिकीट खिडकीवर होतं. शिंप्यानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्याच्याकडं सबंध दिवस होता.

मोठ्या गोलासमोर त्यांना मराठी बोलणं ऐकू आलं. महाराष्ट्रातूनच आलेला एक गट होता. दोन लेकरं, आईबाप, आणखी काही कुटुंबं. ती लेकरं आत जायला आतुर होती. त्यांच्या बापानं वेगळे पैसे भरून तिकिटं काढली होती. दुपारी बारा ते तीन एवढाच वेळ आहे, तीनला बस सुटते, असं तो म्हणाला.

शिंप्याचं कुटुंब सकाळभर फिरलं. मुलगी आईबरोबर ममीच्या गाडीत बसली, तेव्हा मुलगा बापाबरोबर मुकाट्यानं बाहेर थांबला. पाण्याच्या बाटल्या नळावर भरून घेतल्या. तिथलं नळाचं पाणी पिता येतं. डायनासोरची नदी त्यांनी दुपारसाठी ठेवली होती, कारण तिच्यात भिजायला होतं.

दुपारी ते नदीच्या रांगेत उभे राहिले आणि आभाळ भरून आलं. विजा चमकू लागल्या. विजा असल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. रांग थांबली. पाऊस कोसळू लागला. रेनकोट घालून ते छपराखाली उभे राहिले. तो गटही तिथंच होता. तीनला दहा मिनिटं असताना त्यांच्या वाटाड्यानं हात वर केला. त्या बापानं आभाळाकडं पाहिलं, लेकरांकडं पाहिलं आणि त्यांना घेऊन बाहेरच्या वाटेला लागला. धाकटी पोरगी मागं वळून बघत होती. शिंप्याला फार वाईट वाटलं. चूक त्या माणसाची नव्हती. त्यानंही लेकरांसाठीच पैसे जोडले असतील.

पाऊस उशिरा थांबला. बरेच लोक निघून गेले होते. नदी पुन्हा सुरू झाली तेव्हा रांग लहान होती. चौघं एका गोल होडीत बसले. अंधाऱ्या बोगद्यात डायनासोरनं मान काढली, होडी वर चढली आणि धप्पकन खाली पडली. सगळे नखशिखांत भिजले. मुलगा एवढ्या जोरानं हसला की समोर बसलेले परके लोकही हसू लागले. रांग नव्हती, म्हणून ते पुन्हा बसले. मग आणखी एकदा. दार लागायची वेळ झाली तेव्हाच बाहेर पडले.

पुढचे दिवस साधे गेले. दिव्यांची झाडं पाहिली, सिंह पाहिला, तेक्का सेंटरात जेवले. मुलानं खिशातल्या पैशांतून एक डायनासोर घेतला. मुलीनं आजीसाठी मापाची टेप घेतली, मोठ्या अंकांची, तिला दिसेल अशी.

गावात परतल्यावर लोक विचारायला आले. काय काय पाहिलं? तीन देश पाहणाऱ्यांपुढं त्यांची यादी लहान होती. पण मुलगा ती एकच नदी सांगायचा आणि ऐकणारे शेवटपर्यंत बसायचे.

हातात पैसा थोडा असला की माणूस कात्री सगळीकडं सारखी चालवतो. यातलं थोडं, त्यातलं थोडं. मग यादी भरते, पण ज्या एका गोष्टीसाठी घर दोन वर्षं थांबलेलं असतं, तिच्या वाट्याला तीन तास येतात आणि त्या तीन तासांत पाऊस येतो. म्हातारी शाळेत गेली नव्हती, विमानात बसली नव्हती. पण कमी कापडात पुरा सदरा काढणं तिनं आयुष्यभर केलं होतं. म्हणून पत्रकात काय नाही, ते तिला आधी दिसलं. माझ्या मते त्या घरातलं सगळ्यांत मोठं शहाणपण दाराशी बसलेलं होतं, आणि मुलानं ते ऐकलं, हे त्याचं मोठेपण.

सगळा खर्च जाऊन काही हजार रुपये शिल्लक राहिले. घटस्थापनेच्या आधी शिंप्यानं त्यांतून आईला दारव्ह्याला नेऊन चष्मा करून दिला. दसऱ्याच्या कपड्यांचं काम आलं तेव्हा ती पुन्हा टेबलाशी उभी राहून खडूनं रेघा मारत होती.