कलावंताचा हक्क आणि राज्याचा आश्रय

कलावंताला साधक मानायचे की श्रमिक, यावर त्याच्या संघटनेचे स्वरूप ठरते. साधक मानला, तर मोबदला मागणे हीच त्याची उणीव ठरते. श्रमिक मानला, तर मोबदला हा हक्क होतो आणि हक्क मिळवायला संघटना लागते. रंगमंच, छापखाना आणि चित्रशाळा यांचे मालक राज्यच झाले, तर मात्र नवा पेच उभा राहतो: संघटनेने भांडायचे कोणाशी? विसाव्या शतकातील समाजवादी राज्यांत हा पेच टोकाला गेला. गोंदिया जिल्ह्यात दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये आणि नाटक करणाऱ्या कलावंतांपुढे तोच पेच उलट्या बाजूने उभा आहे. तिथे कलावंताला गिळून टाकणारा मालक नाही, पण त्याच्या हक्काला जबाबदार असा मालकही नाही.

मराठी परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात. वारकरी कीर्तनाच्या आदर्शानुसार, जिथे कीर्तन करावे तिथले अन्न आणि द्रव्य घेऊ नये. कला इथे सेवा आहे, आणि सेवेचे मोल ठरवले की ती बाटते. दुसरे उत्तर गावगाड्याचे. गोंधळी, घडशी, भाट यांची गणना अलुतेदारांत होई आणि सुगीला धान्याच्या राशीत त्यांचा वाटा असे. हा वाटा दान नव्हता, गावावरचा हक्क होता. मात्र तो जातीला बांधलेला होता. काम नाकारण्याची किंवा दुसरे काम धरण्याची मोकळीक त्यात नव्हती. पहिल्या उत्तरात प्रतिष्ठा होती पण पोटाची सोय नव्हती. दुसऱ्यात पोटाची सोय होती पण स्वातंत्र्य नव्हते. आधुनिक कामगार संघटनेने पोटाची सोय आणि स्वातंत्र्य ही दोन्ही एकत्र देण्याचे वचन दिले.

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथे कलेचे वेळापत्रक पिकावर चालते. धान कापून घरात आले, दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, रात्री दंडार किंवा नाटक होते आणि ते उजाडेपर्यंत चालते. शंकरपट असेल तिथे दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, असा बेत असतो. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. गावातले मंडळ कंपनीशी प्रयोग ठरवते, शामियाना उभारते, तिकिटे विकते. नट, गायिका, हार्मोनियमवाला, तबलजी, पडदे ओढणारा यांना मोबदला मिळतो तो प्रयोगागणिक. होळीनंतर हंगाम सरतो आणि यातले पुष्कळजण पुन्हा शेताकडे किंवा मजुरीकडे वळतात. 2020 च्या टाळेबंदीने हंगाम मोडला, तेव्हा या रचनेतला कच्चा दुवा उघडा पडला. प्रयोग नाही तर पैसा नाही, आणि दाद मागायची तर ती कोणाकडे, कंपनीकडे, मंडळाकडे की शासनाकडे, हे ठरलेले नाही.

याच जिल्ह्यातला आणखी एक धंदा इथे तुलनेला घ्यावा लागतो. तेंदूपत्ता आणि बिडी हा गोंदियाचा जुना उद्योग. बिडी वळणारी बाई घरीच बसते. पान भिजवून कात्रीने कापते, तंबाखू भरते, कड मुडपते, सूत गुंडाळते. मजुरी हजार बिड्यांवर ठरते. कारखानदार तिला क्वचितच दिसतो, कारण मध्ये ठेकेदार असतो. तरीही 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार मानले, आणि 1976 मध्ये त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा झाला. तिची बिडीवर निष्ठा आहे काय, असे कायद्याने विचारले नाही. काम झाले, एवढेच त्याने पाहिले. रात्रभर उभा राहून गाणाऱ्या नटाचे कामही तितकेच ठोस आहे.

समाजवादी राज्यांनी कलावंताचे हे श्रमिकपण मान्य केले होते, हे त्यांचे श्रेय आहे. रशियात 1919 मध्ये नट, वादक, सर्कसवाले यांची कामगार संघटना स्थापन झाली. लगेच मूळ वाद उभा राहिला. 1920–21 मध्ये ट्रॉट्स्कीचे म्हणणे असे होते की राज्यच कामगारांचे असल्यावर संघटनांनी त्या राज्याच्या उत्पादनयंत्रणेत सामील व्हावे. लेनिनने उत्तर दिले, की संघटनेने कामगारांचे त्यांच्या स्वतःच्या राज्यापासूनही रक्षण केले पाहिजे. तत्त्व लेनिनचे टिकले, व्यवहार मात्र उलट दिशेने गेला. एप्रिल 1932 च्या कम्युनिस्ट पक्षाच्या ठरावाने लेखक-कलावंतांच्या स्वतंत्र संस्था मोडीत काढल्या. 1934 मध्ये सोव्हिएत लेखक संघाचे पहिले अधिवेशन भरले. संघाच्या साहित्य निधीतून सभासदांना आजारपणात मदत, विश्रामगृहे आणि अन्य सोयी मिळत. पण सभासदत्वासाठी समाजवादी वास्तववादाशी, म्हणजे पक्षाने ठरवून दिलेल्या कलापद्धतीशी, निष्ठा हवी होती. भाकरी देणारा आणि कलेचा निवाडा करणारा हात एकच झाला.

त्याचे परिणाम लवकरच दिसू लागले. 1958 मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर लेखक पास्तरनाकला संघातून काढले, 1969 मध्ये कादंबरीकार सोल्झेनित्सिनला. 1964 मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयात जोसेफ ब्रॉड्स्कीवर ऐतखाऊपणाचा खटला चालला. त्याला कवी कोणी ठरवले, असे न्यायाधीशांनी विचारले. संघाचा शिक्का नसल्याने त्याच्या कविता आणि अनुवाद हे काम ठरलेच नाही, आणि त्याला पाच वर्षांच्या सक्तमजुरीच्या हद्दपारीची शिक्षा झाली. पोलंडमध्ये उलट चित्र दिसले. डिसेंबर 1981 मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर नटांनी सरकारी दूरचित्रवाणीवर काम करायचे नाकारले. पुढच्या वर्षी सरकारने नटांची संघटना बरखास्त केली. राज्याला नको ते बोलणारी संघटना राज्य मोडून टाकते, हे यातून उघड झाले.

महाराष्ट्रात शाहीर आणि कामगार एका फडावर आले ते 1944 च्या लाल बावटा कलापथकात. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मुंबईच्या गिरणगावात श्रमाचा प्रश्न कलेतून मांडला. कलावंताच्या स्वतःच्या श्रमाचा प्रश्न मात्र मागेच राहिला. 1950 च्या दशकापासून राज्य शासन वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देत आले आहे. या मदतीचे मोल मोठे आहे. परंतु हे मानधन उतारवयात मिळते, अर्जाने मिळते, आणि निवड समिती करते. कलासेवेचे पुरावे मागितले जातात. आयुष्यभर मंडईत दंडार केलेल्या माणसाजवळ ना छापील पत्रिका असते ना प्रमाणपत्र. ब्रॉड्स्कीला विचारलेला प्रश्न इथे सौम्य रूपात पुन्हा येतो: तुला कलावंत कोणी ठरवले?

या सर्वांतून एक तत्त्व हाती लागते. उदरनिर्वाहाचा हक्क आणि कलेचा निवाडा ही दोन कामे एका हाती असू नयेत. कलावंत कोण, हे त्याने किती रात्री काम केले त्यावर ठरावे. कला कशी, हे शामियान्यातल्या प्रेक्षकांनी ठरवावे. संघटना सभासदांनी निवडलेली असावी, आणि तिच्यातून बाहेर पडलेल्याचे किंवा काढलेल्याचे अन्न तुटू नये. राज्याने निधीत भर घालावी, आजारपण आणि म्हातारपणाची हमी द्यावी, पण कोणी काय गावे यात पडू नये.

श्रमिक म्हटल्याने कलेचे पावित्र्य उणावते, असा आक्षेप घेतला जातो. पण सेवाभाव हा कलावंताने स्वतःहून स्वीकारायचा असतो. दुसऱ्याने त्याच्यावर लादला की ती वेठबिगार होते. झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आणि साऱ्या पट्ट्याचा गौरव झाला. सन्मान असा निवडक असतो, आणि तो तसाच असायला हवा. हक्काला ती निवड करता येत नाही. पडदे ओढणाऱ्याला, दुय्यम भूमिका करणाऱ्याला, ज्याचे नाव जाहिरातीत कधी आले नाही अशा सामान्य नटालाही तो सारखाच लागू झाला पाहिजे.