माग काढणाऱ्यांची मुले

वाघ दिसल्याची वर्दी आली की त्याला मारल्याशिवाय राणी दुर्गावती पाणी पीत नसे, असे अकबराचा इतिहासकार अबुल फझल नोंदवून ठेवतो. ज्या गढा-कटंगा राज्याची ही राणी, त्याचा गाभा म्हणजे आजच्या जबलपूरचा परिसर. पती दलपतशाह गेला तेव्हा मुलगा वीरनारायण लहान होता. त्याच्या नावाने कारभार राणीने सांभाळला. १५६४ मध्ये मुघल सरदार आसफखानाची फौज आली तेव्हा मायलेक एकाच रणात उतरले. मुलगा जखमी झाला, आईने त्याला सुरक्षित जागी धाडले आणि ती पडेपर्यंत लढली. शिकार आणि लढाई शिकवणारी शाळा तेव्हा एकच होती. सावज हेरणे, माणसे पेरणे, वारा ओळखणे, बावरलेल्या घोड्याला आवरणे, हे सगळे राजपुत्राने वडीलधाऱ्यांबरोबर रानात शिकायचे. त्याला करमणूक म्हणत असत एवढेच. खरे तर तो राज्य चालवण्याचा सराव होता.

त्याच रानात दुसरेही आईबाप होते. त्यांना राज्य चालवायचे नव्हते, चूल पेटवायची होती. मंडला, दिंडोरी, बालाघाटच्या डोंगरांतला बैगा बाप पोराला छोटे धनुष्य करून द्यायचा. पोराची पहिली शिकार म्हणजे उंदीर, नाहीतर एखादे पाखरू. ते तिथेच भाजून खायचे. भिंतीवर टांगायला त्यातून काही उरत नसे, त्यामुळे या शिकारीची आठवणींची पुस्तकेही निघाली नाहीत.

पारध्यांची तऱ्हा आणखी वेगळी. फासेपारधी बांबूच्या बारीक खुंट्यांना फास बांधून तितराच्या वाटेवर ओळीने रोवतो. शेजारी पिंजऱ्यात पाळीव तितर असतो. त्याची हाक ऐकून रानातला तितर चवताळून येतो आणि पाय फासात अडकवून बसतो. पिंजऱ्यातला पक्षी गप्प राहिला तर माणसाने स्वतः हाक घालायची. ती हाक घशात बसायला वर्षे जातात आणि ती बापाजवळ बसूनच येते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये काढला, त्यात पारधी आहेत. हिरालाल मुडवाऱ्याच्या, म्हणजे आजच्या कटनीच्या बाजूचे. तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातलेच. त्यांना या लोकांसाठी मोहिमेवर निघण्याची गरज नव्हती.

१८७१ हे साल या कथेत दोनदा येते. त्या वर्षी कॅप्टन जेम्स फोर्सिथचे मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक निघाले आणि सातपुड्यातली शिकार हे इंग्रज तरुणाचे स्वप्न बनले. त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढे अनेक ठिकाणी पारधीही त्याच्या यादीत गेले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली शिकार सरकारी मर्जीवर ठेवली. १८९० च्या सुमारास बैगांसाठी ‘बैगा चक’ आखून दिले गेले, म्हणजे त्यांची बेवर ही फिरती शेती आणि भटकंती एका कुंपणात आली. आता साहेबाने मारलेले सांबर हा खेळ होता आणि बैगाने मारलेले सांबर ही चोरी होती. दोघांचे मुलगे मात्र बापाच्या मागून तसेच दबकत चालत होते.

संस्थानिकांच्या घरात या शिकवणीला शाही थाट आला. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी वाघाच्या शिकारीवर १९२० मध्ये चक्क मार्गदर्शक पुस्तक छापले. हाका कसा लावायचा, मचाण कुठे बांधायचे, सगळे शिस्तवार. बडोद्याच्या सयाजीरावांची लेक इंदिराराजे कूचबिहारला गेली आणि तिची मुलगी गायत्रीदेवी हिने बाराव्या वर्षी पहिला बिबट्या मारला. मुलगी म्हणून तिला वगळले गेले नाही, हे त्या काळाच्या मानाने नवलच. पण या थाटाची किंमतही कुणी कुणी मोजली. राजर्षी शाहू महाराज स्वतः कसलेले शिकारी. त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १९१८ मध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. मागे राहिलेल्या कोवळ्या वयाच्या सुनेला, इंदुमतीदेवींना, महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून शिकवले. मुलाला रानात नेणाऱ्या बापांवर जे लिहिले जाते त्यात ही बाजू क्वचितच सापडते.

त्याआधीच मुलांना शिकार शिकवण्याच्या कल्पनेला जबलपूरच्या दक्षिणेला, सिवनीच्या रानात, एक अनपेक्षित फाटा फुटला होता. स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याने १८७७ मध्ये सिवनीवर पुस्तक लिहिले. त्यातून किपलिंगने रान उचलले आणि १८९४ मध्ये त्या रानात मोगलीला वाढवले. मोगलीची गोष्ट म्हणजे पालकांनी पोराला शिकार शिकवण्याचीच गोष्ट. फक्त पालक लांडगे, अस्वल आणि काळा बिबट्या. पुढे स्काउट चळवळ उभारणाऱ्या बेडन-पॉवेलने, जो भारतात घोड्यावरून डुकरे मारत हिंडला होता आणि ज्याने त्यावर पुस्तकही लिहिले होते, १९१६ मध्ये लहान मुलांची ‘कब’ पथके याच गोष्टीवर उभी केली. माग काढा, खुणा वाचा, दबकत चला. मारू मात्र नका. आपल्या शाळांतल्या कब पथकांच्या गणवेशातल्या मुलांना ठाऊक नसते की आपण सिवनीच्या जंगलातून फिरून आलेला शिकारीचा धडा गिरवतो आहोत. मारण्यावाचूनही शिकारीचे शिक्षण देता येते, हा विचार अशा रीतीने एका डुकरे मारणाऱ्याच्या हातून रुजला.

स्वातंत्र्यानंतर मात्र बंदूक उलट बोकाळली. जबलपूर हे तोफांच्या गाड्यांच्या कारखान्याचे गाव, १९०४ पासूनचे. फौजी, कारखान्याचे अधिकारी, मालगुजार, वकील, ठेकेदार यांना बंदूक नवी नव्हती. जंगलाचे ‘ब्लॉक’ पाडलेले होते. परवाना काढायचा, विश्रामगृह राखून ठेवायचे, गावातून बोदा, म्हणजे रेडकू, विकत घ्यायचा. संध्याकाळी बोदा झाडाखाली बांधायचा आणि वर दोन फांद्यांमध्ये आवळलेल्या खाटेवर बाप आणि मुलगा बसायचे. मुलाला आधीच बजावलेले असायचे: खोकायचे नाही, डास चावला तरी हात हलवायचा नाही. टॉर्च मुलाकडे. बापाने कोपराने ढोसले की झोत टाकायचा, तोही थेट डोळ्यांवर नाही, आधी जरा वर आणि मग खाली. चुकला तर वाघ गेला आणि वर्षभर घरात तोच विषय. अनेक मुलांना वडिलांशेजारी इतका वेळ गप्प बसण्याची संधी दुसरीकडे मिळतच नव्हती. शिकारीतल्या जवळिकीचे जे गोडवे गायले जातात त्यातला खरा भाग बहुधा एवढाच असावा. गोळी सुटण्यापूर्वीच तो पार पडलेला असे.

पण वाघांना ही जवळीक परवडणारी नव्हती. विजयनगरमच्या महाराजकुमारांनी १९४७ ते १९५१ या काळात कान्हा परिसरात ३० वाघ मारले आणि ओरड झाली. १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे १९६३ मध्ये जॉर्ज शॅलर हा शास्त्रज्ञ पत्नी आणि दोन लहान मुलांना घेऊन राहायला आला. तो वाघांच्या मागे पायी हिंडे, विष्ठा तपासे, मारलेल्या चितळांची हाडे मोजे. शिकाऱ्याचे सगळे कसब त्याने वापरले आणि त्यातून १९६७ मध्ये हरीण आणि वाघ यांच्यावरचा ग्रंथ दिला. बापाबरोबर रानात राहणाऱ्या मुलांचे हे नवे चित्र होते. त्यात मचाण होते, माग होता, फक्त बार निघत नव्हता.

मग १९७२ आले. त्या वर्षीच्या गणनेत देशात १,८२७ वाघ भरले आणि वन्यजीव संरक्षण कायदा झाला. लहानसहान सावजांचे परवाने तरीही कागदावर राहिले. १९९१ च्या दुरुस्तीने तेही संपवले. बंगल्यातल्या कुटुंबांना हा बदल फार जड गेला नाही. बंदूक कपाटात गेली आणि गळ्यात दुर्बीण आली. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांसारखा शिकारी लेखक रानात वेगळ्या नजरेने हिंडू लागला आणि नागझिऱ्याच्या वानरांवर त्याने ‘सत्तांतर’ लिहिली. आज जबलपूरहून पहाटे निघालेल्या जिप्सीत बाप मुलाला ठसे दाखवतो आणि चितळाचा ‘कॉल’ ऐकवतो. आजोबांकडून आलेले ज्ञान, जवळपास जसेच्या तसे. त्याला आता निसर्गप्रेम म्हणतात आणि शाळेत त्यावर प्रकल्पही करता येतो.

बैगा आणि पारधी बापांचे काय झाले? कान्हातली बैगा-गोंडांची गावे १९६९ पासून टप्प्याटप्प्याने हलवली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे परंपरागत हक्क मान्य केले, पण त्या यादीतून शिकार आणि सापळे स्पष्ट शब्दांत वगळले. वाघ वाचवायचे तर दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य करावेच लागेल. कटनीच्या चोरट्या शिकारी टोळ्यांनी मध्य भारतातल्या वाघांची काय गत केली ते समोर आहे. तरीही हिशेब विषमच राहतो. ज्यांनी हौसेखातर मारले त्यांचे कसब छंद म्हणून मुलांपर्यंत पोचले. ज्यांनी पोटासाठी मारले त्यांचे कसब पोलिसांच्या नोंदवहीत गेले.

काही ठिकाणी ही विषमता थोडी ढिली होते आहे. वाशीम-अकोल्याकडे कौस्तुभ पांढरीपांडे यांची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांबरोबर माळरान आणि तिथला तणमोर पक्षी राखण्याचे काम करते. दुर्मीळ तणमोर नेमका कुठल्या गवतात बसतो हे सांगायला पारध्याइतका जाणता माणूस मिळत नाही. जबलपूरच्या उत्तरेला पन्नाच्या जंगलात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. तिथे आता पारधी वाटाडे पर्यटकांना पायी फिरवतात, पाऊलखुणा वाचून दाखवतात, तितराची हाक घालतात. शहरातले आईबाप मुलांना हे ऐकवायला पैसे मोजून नेतात. पारध्यांच्या मुलांसाठी वन विभागाने आणि संस्थांनी वसतिगृहे काढली आहेत. तिथे ती गणित शिकतात, इंग्रजी शिकतात, आणि ते व्हायलाच हवे होते. मात्र शाळेचे वर्ष चालू असते तेव्हा ती हाक ज्याच्याकडून घ्यायची तो बाप पर्यटकांबरोबर रानात असतो, आणि पोरगा वर्गात.