परमुलखातील छबी

परदेशी प्रवासास निघालेल्या कुटुंबाने त्या त्या शहरातील एखाद्या धंदेवाईक छायाचित्रकाराशी आगाऊ करार करून, तासाच्या हिशेबाने मोबदला देऊन आपली चित्रे काढवून घ्यावीत, ही चाल आता पिंपरी-चिंचवडच्या मध्यमवर्गातही रुजू लागली आहे. तेथल्या प्राधिकरणाच्या वसाहतीत जन्म घालविलेली आणि चाकणच्या कारखान्यात अभियंत्याची नोकरी धरलेली पिढी पॅरिसला किंवा बालीला जावयास निघते, तेव्हा विमानभाडे आणि हॉटेल यांच्या जोडीला ‘फोटोग्राफर’ ही बाबही खर्चाच्या अंदाजात मांडलेली असते. वडीलधाऱ्यांना ही उधळपट्टी वाटते; खिशात फोन असताना परक्या इसमापुढे युरो का मोजावेत, हा त्यांचा प्रश्न अनाठायीही नाही. तथापि या चालीकडे निव्वळ हौस म्हणून पाहिले, तर तिच्या मुळाशी असलेली एक जुनी आणि गंभीर गरज दृष्टीआड होते, असे मला वाटते.

आनंदीबाई जोशी यांचे १८८५ सालच्या ऑक्टोबर महिन्यातले एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन परदेशी विद्यार्थिनी त्यात एकत्र आहेत: आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या पोषाखात आहेत. सर्वसामान्य प्रवाशाच्या सामानात कॅमेरा असण्याचे ते दिवस नव्हते. परमुलखात आपली छबी हवी असेल तर ती तेथल्या कसबी माणसाच्या हातूनच उतरावयाची. परंतु यंत्र आणि कसब परक्याचे असले, तरी आपण कोण म्हणून कॅमेऱ्याच्या काचेसमोर यावयाचे हा निर्णय मात्र त्या स्त्रियांचा होता. १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसण्यापूर्वी, श्रीरामपूरच्या सभेत, आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार असे जाहीर करणाऱ्या, वयाच्या अठराव्या वर्षात असलेल्या आनंदीबाईंनी तो शब्द कसा पाळला याचा दस्तऐवज म्हणून या चित्राकडे पाहता येते. पदवी मिळवून त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. ज्या हातांनी तो कॅमेरा चालविला त्यांचे नाव कोणाच्या तोंडी नाही. पण त्या हातांचे ऋण महाराष्ट्रावर आहे.

आणि आनंदीबाईंइतके दूर तरी कशाला जावयाचे? १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर कारखाने उभे राहिले, आणि साताऱ्याच्या, मराठवाड्याच्या, खानदेशाच्या खेड्यांतून तरुण माणसे येथे नोकरीस आली, तेव्हा त्यांना पिंपरी हाच परमुलूख होता. पहिल्या पगारातले काही रुपये बाजूस काढून ती स्टुडिओत जात, तेथलाच खुंटीवरचा कोट अंगात घालीत, रंगविलेल्या पडद्यापुढे ताठ उभी राहत, आणि तो फोटो गावी धाडीत. पडद्यावरचा ताजमहाल खोटा होता, कोट उसना होता, यात संशय नाही. पण मुलगा धडधाकट आहे, त्याचे बस्तान बसले आहे, हे वर्तमान अक्षरओळख नसलेल्या आईला त्या चित्रातून जसे वाचता येई तसे कोणत्याही पत्रातून वाचता आले नसते. म्हणून त्या चित्रांना कोणी दिखाऊ म्हटले की मला खेद होतो.

मध्यंतरी मात्र कॅमेरा घरोघर आला. १८८८ साली ईस्टमन याने कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा बाजारात आणला, त्या घटनेची परिणती अखेर तुमच्याआमच्या कपाटातल्या आल्बमांत झाली; आणि या स्वावलंबनाचे सर्व लाभ मान्य करूनही एवढे म्हटले पाहिजे, की त्याने प्रत्येक कुटुंबात एक गैरहजर माणूस निर्माण केला. महाबळेश्वरच्या सहलीत आई आहे, मुले आहेत, आत्या आहे, आणि ज्या वडिलांनी रजा काढून, पैसे साठवून ती सहल घडवून आणली ते एकाही चित्रात नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता. पुढे फोन आला व हात लांब करून स्वतःचे चित्र घेण्याची सोय झाली. गैरहजर माणूस परतला खरा, पण इतका जवळ आला की त्याच्या चेहऱ्याने मागचा सगळा देश व्यापून टाकला. पैसे देऊन बोलाविलेला छायाचित्रकार प्रथमतः ही तूट भरून काढतो: त्याच्या चित्रात सर्वजण असतात, आणि ती कोठे आहेत हेही असते.

दुसरी गोष्ट कसबाची. भोसरीच्या टूलरूममध्ये मायक्रॉनचा फरक ओळखणाऱ्या कारागिराचे मोल ज्या पट्ट्यातल्या लोकांना पक्के ठाऊक आहे, त्यांना हे विस्ताराने सांगावयास नको. पॅरिसमधल्या त्रोकादेरोच्या चौकात गर्दी जमण्यापूर्वी किती वाजता पोचावे, कोणत्या पायरीवर उभे राहिले असता आयफेल मनोरा माणसाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसणार नाही, रात्रीच्या रोषणाईवर स्वतंत्र हक्क असल्यामुळे तिच्या चित्राचा व्यापारी उपयोग परवानगीवाचून करता येत नाही, हे सारे तेथे राहून पोट भरणाऱ्यालाच माहीत असते, आणि त्याला योग्य बिदागी देणे ही उधळपट्टी नव्हे.

माझे भय निराळे आहे. या धंद्यात आता ठरीव मुद्रांचे साचे तयार झाले आहेत. नवऱ्याने बायकोला उचलून गरगर फिरवावे, मुलांनी कॅमेऱ्याकडे धावत यावे, सर्वांनी कशालाही न हसता एकदम हसावे. कुटुंब कोणतेही असो, चित्र तेच निघते. आनंदीबाईंच्या चित्रात परक्याचे कसब आणि स्वतःचा निश्चय यांची जी वाटणी झाली होती ती येथे मोडते. कसबाबरोबर निश्चयही आपण मोल देऊन दुसऱ्याच्या स्वाधीन करतो.

कायद्याची बाजूही याच प्रश्नाशी येऊन भिडते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्कदार, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणाराच असतो. ब्रिटनमध्येही पूर्वी हाच दंडक होता; १९८८ च्या कायद्याने तो बदलून हक्क चित्र काढणाऱ्याकडे गेला. जर्मनीत तर कर्त्याला हयातीत तो हक्क दुसऱ्याच्या नावे करताच येत नाही, फक्त वापराची मुभा देता येते. तेव्हा चित्रे कोठे छापता येतील, छायाचित्रकार ती आपल्या जाहिरातीत लावणार काय, या गोष्टी करारनाम्यात लेखी उतरवून घेणे हे संशयी वृत्तीचे लक्षण मानू नये.

चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाल्यापासून त्या कंपनीच्या जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्ग या मूळ शहराचे नाव या भागात परके राहिलेले नाही. तेथे मुक्कामी असलेल्या एखाद्या मुलाने आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावून घेतले, तर छायाचित्रकार त्यांना बहुधा जवळच्या राजवाड्यापुढे उभे करील. पण ज्या बापाची हयात आकुर्डीच्या असेंब्ली लाइनवर गेली, त्याच्या दृष्टीने त्या शहरातली खरी पाहण्याजोगी वस्तू म्हणजे कालव्याकाठच्या वीजघराच्या चार उंच धुराडी आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेला तो कारखाना, जेथे आपला मुलगा रोज कामाला जातो. कालव्याच्या अलीकडे मुलगा मध्ये, एका बाजूस वडील, दुसऱ्या बाजूस लुगड्यावर स्वेटर चढवून पायात बूट घातलेली आई, असे चित्र त्या छायाचित्रकाराला सुचावयाचे नाही, कारण त्याच्या लेखी ती रोजच्या रहदारीची जागा आहे. ते मुलानेच सांगावयास हवे. आणि सांगता यावे म्हणून आदल्या संध्याकाळी आईवडिलांपाशी बसून, या मुलखात येऊन तुम्हांला मनापासून काय आवडले, हे त्यांना विचारावयास हवे.