अवधानाचे मोजमाप

सातारा-सांगलीकडच्या शाळांत तपासणीस आलेला अधिकारी मागच्या बाकावर बसतो, कोणाची नजर फळ्यावर आहे, किती हात वर होतात, कोण खिडकीबाहेर पाहतो याची टिपणे घेतो, आणि त्या बेरजेवरून मुलांचे चित्त पाठात कितपत होते याचा शेरा दफ्तरी दाखल करतो, परंतु न्यायदर्शनाच्या दृष्टीने हे प्रत्यक्ष नसून केवळ अनुमान होय, कारण परक्याचे मन इंद्रियगोचर नाही, आणि स्थिर नजर हे जे लिंग (अनुमानाची खूण) म्हणून घेतले, ते अवधानाइतकेच धाकालाही (व क्वचित उघड्या डोळ्यांच्या झोपेलाही!) लागू पडत असल्याने नैयायिक त्यास सव्यभिचार हेतू म्हणून बाद करील. मन अन्यत्र असता समोरचेही दिसत नाही, हे बृहदारण्यकाने कधीच सांगून ठेवले आहे.

१९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढले; तेथे नाना जातींची मुले एकत्र राहून, अंगमेहनत करून शिकत. पहाटेपासून राबलेला असा एखादा मुलगा दुपारी गणिताच्या तासाला पेंगला, तर निरीक्षणाच्या तक्त्यात त्याचा रकाना कोराच राहणार. वस्तुतः विद्येशी त्याच्याइतके घट्ट नाते वर्गात दुसऱ्या कोणाचे असेल?

ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांपाशी अवधान मागूनच सुरू होतो. तेथे मागणे आहे, मोजणे नाही. निरीक्षण निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणत नाही. शेऱ्याच्या धास्तीने का होईना, मास्तर त्या दिवशी मागच्या बाकापर्यंत चालत जातात.