संघटनेतले घर : कॉम्रेड आर. बी. मोरे आणि महाडचा कामगार

चवदार तळ्याचा सत्याग्रह महाडच्या सार्वजनिक स्मृतीत जितका ठळक आहे, तितकेच तो ज्या परिषदेतून घडला ती परिषद भरावी म्हणून अनेक वर्षे झटलेले रामचंद्र बाबाजी मोरे, अर्थात कॉम्रेड आर. बी. मोरे, त्या स्मृतीत पुसट आहेत. कामगारपुढाऱ्याचे चरित्र लिहिताना निष्ठा एकीकडे आणि संसार दुसरीकडे मांडून, ‘पत्नीने घर सांभाळले’ एवढ्या वाक्यात संसार उरकण्याची जी प्रथा आहे, ती मोऱ्यांच्या बाबतीत केवळ अपुरीच नव्हे, तर चुकीचीही ठरते. कारण त्यांची संघटनाशक्ती मुळात घर, भावकी आणि गाव यांतूनच आलेली होती.

मोऱ्यांचा जन्म १९०३ साली महाडजवळच्या लाडवलीत झाला आणि बालपण दासगावात गेले. दासगाव हे सावित्रीच्या खाडीवरचे बंदर. लष्करातून निवृत्त झालेल्या महार कुटुंबांमुळे तेथे अक्षरओळख आणि अर्ज लिहिण्याची धमक दोन्ही होती, आणि ‘विटाळविध्वंसन’कर्ते गोपाळबाबा वलंगकर याच महाड परिसरातले होते. मोऱ्यांना शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा या मुलाने वृत्तपत्राकडे तक्रार धाडली आणि प्रवेश मिळवला; मात्र वर्गात त्याला वेगळेच बसावे लागले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला, सुरबानाना टिपणीसांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने त्याला दुजोरा दिला, आणि तरीही तळ्याचे पाणी बंदच राहिले. अशा स्थितीत डॉ. आंबेडकरांनी महाडला यावे म्हणून मोऱ्यांनी जो पाठपुरावा केला, त्याचे फळ म्हणजे १९ व २० मार्च १९२७ची परिषद.

पुढे मोरे कम्युनिस्ट झाले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांत काम करू लागले, याकडे आंबेडकरी चळवळीशी काडीमोड म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. कापड गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, कांडी बदलताना नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. धोटा उष्टा होतो आणि विटाळ लागतो या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात शिरकाव नव्हता, आणि ही बंदी सवर्ण कामगारांनाही मान्य होती. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपनेत्यांपुढे ठेवला. वर्ग एक झाला की जात आपोआप विरेल, या समजुतीचे खंडन कुठल्याही ग्रंथापेक्षा तो धोटाच अधिक नेमकेपणाने करत होता. मोऱ्यांनी हे ओळखले होते, आणि म्हणूनच पक्षात राहून अस्पृश्यतेच्या प्रश्नावर पक्षनेतृत्वाला लेखी टिपणे धाडण्याचे, सहकाऱ्यांना फारसे न रुचणारे काम त्यांनी चिकाटीने केले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला, तेव्हा अशी माणसे दोन्ही बाजूंना का हवीत हे दिसून आले.

घराचा प्रश्न येथेच येतो. १९२८चा संप जवळजवळ सहा महिने चालला, तो युनियनच्या तिजोरीवर चालणे शक्य नव्हते. तो चालला गावी परतलेल्या कामगारांच्या शेतातील भातावर, चाळीतल्या खाणावळवालीच्या आणि वाण्याच्या उधारीवर, आणि बायकांच्या कष्टांवर. पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरी ही उधारी संपापुरती नसे, ती कायमची असे, आणि तिचे ओझे ज्या स्त्रियांनी वाहिले त्यांची नावे युनियनच्या सभासद-पुस्तकांत सापडत नाहीत. मोऱ्यांचे आत्मकथन अपुरे राहिले. त्यापुढचे चरित्र त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहिले. वडिलांचे सार्वजनिक आयुष्य मुलाने स्वतःचे मानल्याखेरीज असे पुस्तक होत नाही, आणि कुटुंबवत्सलतेचा अर्थ मुलांना चळवळीपासून जपणे एवढाच नसतो, हेही त्यातून कळते.

आजच्या महाड औद्योगिक वसाहतीत घर आणि संघटना यांना जोडणारा हा धागा तुटलेला आहे. रसायने आणि औषधे बनवणाऱ्या या कारखान्यांत, कंपनीच्या हजेरीपटाऐवजी ठेकेदाराच्या यादीवर असणारा कंत्राटी कामगार आहे. कोणी महाड-पोलादपूरच्या गावांतून पाळीपुरता येतो, कोणी परप्रांतातून येऊन भाड्याच्या खोलीत राहतो, आणि पाळी सुटल्यावर दोघांची गाठ पडत नाही. चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात खाण, कामगारवसाहत आणि युनियन शेजारी-शेजारी नांदल्या, गिरणगावात चाळीने तेच केले. येथे तशी जागाच घडली नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगार दगावले, तेव्हा फाटकाबाहेर ताटकळत उभी होती ती त्यांची कुटुंबे. सुरक्षेच्या तपासणीत, भरपाईच्या बोलणीत आणि युनियनच्या सभासदत्वात या कुटुंबांना आधीपासून स्थान देणे, आणि ठेकेदाराच्या यादीवरील परप्रांतीयाला स्थानिकाइतकाच सभासद मानणे, हे मोऱ्यांच्या तालुक्यातील कामगार संघटनांचे पहिले काम आहे.