भासानें शमणारी वेदना

जी वेदना भासानें शमते, ती वेदना खोटी समजावी काय?

१९३२ सालीं न्यूयॉर्कच्या डॉक्टर क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आंतड्यांच्या ज्या दाहाचें वर्णन केलें, तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. हा विकार जडला म्हणजे पोटदुखी रोग्याची पाठ वर्षानुवर्षें सोडीत नाहीं. कित्येकांत तर आंतड्यांची सूज ओसरल्यावरही ती मागें उरते. अशा रोग्याच्या डोळ्यांवर यंत्र चढवून त्याच्यापुढें समुद्रकिनारा किंवा अरण्य उभें करावें व त्याचें दुःख हलकें करावें, असे प्रयोग अलीकडे होऊं लागले आहेत. या मायासृष्टीस ‘आभासी वास्तव’ म्हणतात.

अमेरिकेंतील सिएटल येथें हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस भाजलेल्या रोग्यांवर हा उपाय करून पाहिला. पुढें त्यांच्यासाठीं ‘स्नोवर्ल्ड’ नांवाची बर्फाळ सृष्टि रचण्यांत आली. जखमा धुतल्या जात असतां रोगी तींत हिमगोळे फेंकण्यांत गुंते, आणि त्याच्या यातना कमी होत. याचें इंगित उघड आहे. मेलझॅक व वॉल यांनीं १९६५ सालींच असें प्रतिपादिलें होतें कीं, मज्जारज्जूंत वेदनेच्या वाटेवर जणूं एक द्वार असून मेंदूच्या आज्ञेनें तें कमीअधिक उघडतें. चित्त अन्यत्र रमलें म्हणजे वेदनेचा जोर ओसरतो.

हें रोग्यास फसविणें नव्हे काय, असें कोणी विचारील. आम्हांस तसें वाटत नाहीं. फसणाऱ्यास सत्य ठाऊक नसतें. येथें रोगी जाणूनबुजून यंत्र डोळ्यांवर चढवितो. रंगभूमीवरील मरण खोटें, हें जाणूनही आपण रडतों. म्हणून आपले अश्रु खोटे ठरत नाहींत.

खरें असत्य निराळ्याच ठिकाणीं उपजतें. ‘चित्रें पाहून थांबतें, तर हें दुखणें मनाचेंच!’ असें आप्तजन म्हणूं लागले, म्हणजे रोग्याच्या वेदनेंत अपमानाची भर पडते. बर्फाच्या भासानें भाजलेल्याचा दाह निवला, म्हणून त्याची जखम काल्पनिक होती असें कोणी म्हणत नाहीं. मग पोटांतील व्याधि दिसत नाहीं, एवढ्याचसाठीं तिला निराळा न्याय कां?

शिवाय वेदना ही पहारेकरीण आहे. आंतड्यांचा मार्ग अडला, तर ती आधीं हांक मारते. तिला घटकाभर निजवावें. परंतु ती कशासाठीं ओरडत होती, हें शोधण्याचें काम वैद्यानें व घरच्यांनीं सोडूं नये. रोग्यास मिळालेला विसांवा हा आपल्या कर्तव्याचा विसांवा नव्हे.